आडवी वात

“पण महाराज, तुम्हाला तरी ही पोथी कळली आहे का?”

विचारून झाल्यावर त्र्यंबक औंढेकर स्वतःच दचकला. असा प्रश्न मठात कुणी विचारत नाही. मनात बऱ्याच जणांच्या येतो, पण ओठांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा नमस्कार होतो.

शंभुगीर महाराज वाती वळत होते. कापसाची लड ओढायची, तळहातावर फिरवायची, तबकात ठेवायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे सगळं काम हातांच्या भरवशावर.

“कोण विचारतंय?” महाराज म्हणाले.

“मी. त्र्यंबक.”

“हं...”

आणि त्यांनी पुढची वात वळायला घेतली. उत्तर संपलं.

मला विचाराल तर मठ, गादी आणि महाराज या तिन्हींपासून मी चार हात दूर असतो. चमत्कार सांगणाऱ्याच्या तर मी वाऱ्यालाही उभा राहत नाही. ही गोष्ट सांगतो, कारण हिच्यात चमत्कार नाही. संशय मात्र पोटभर आहे, आणि तो काही एकट्या त्र्यंबकाचा नाही.

त्र्यंबक तालुक्याच्या शाळेत मास्तर होता. वाणी चांगली, पाठांतर त्याहून चांगलं. तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं तो मोठ्या हौसेनं आणायचा आणि निम्म्यात खाली ठेवायचा. दोष अर्थातच पुस्तकाचा असायचा. मग कुणीतरी त्याला आंबेटाकळीच्या टेकाडावरच्या या मठातल्या पोथीबद्दल सांगितलं. जुनी मराठी, हाताने लिहिलेली, एकच प्रत. भल्याभल्यांनी हात टेकले आहेत म्हणाले.

भल्याभल्यांनी हात टेकले, हे ऐकल्यावर त्र्यंबक कसला थांबतोय! त्याने नोकरी सोडली.

बायको रागावली नाही, रडली नाही. तिने फक्त विचारलं, “आणि तिथं काही नसलं तर?”

“तर परत येईन.”

“शाळा परत घेईल?”

हा प्रश्न घेऊनच त्र्यंबक टेकाड चढला होता. त्यामुळे पोथीत काहीतरी असणं ही त्याची फार मोठी गरज होती, हे लक्षात ठेवायला हवं.

पोथी सुट्ट्या पानांची होती. लांबट पानं, वरखाली दोन लाकडी फळ्या, भोवती लाल फडकं. पानांचे आकडे कडेला होते, ते कसरीनं केव्हाच खाऊन टाकलेले. लिहिणाऱ्याची एक खोड होती. एक मुद्दा संपला की उरलेलं पान तो कोरं सोडायचा आणि पुढचा मुद्दा नव्या पानावर घ्यायचा.

पहिल्या दिवशी त्र्यंबकाने काही पानं घडाघड वाचली आणि पोथी मिटून म्हणाला, “समजलं.”

“हं,” महाराज म्हणाले.

मग रोज तेच. सकाळी आणि दुपारी त्र्यंबकाने वाचायचं, महाराजांनी वाती वळत ऐकायचं. पान संपलं की महाराजांचा एकच प्रश्न.

“कोण बोलतंय?”

“ग्रंथकार.” दुसरं कोण बोलणार? पोथी त्याची.

“हं...”

अवघड शब्दाचा अर्थ विचारला की महाराज म्हणायचे, “राहू दे. पुढे वाच.”

“पण शब्दच कळला नाही तर...”

“पुढे वाच. कोण बोलतंय तेवढं सांग.”

महिनाभर हे चाललं आणि त्र्यंबकाच्या मनात किडा शिरला.

माणसाला एखादं पुस्तक कळेनासं झालं की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, आपण मूर्ख. दोन, पुस्तक पोकळ. पहिल्या वाटेनं सहसा कुणी जात नाही. दुसरीनं जावं तर त्र्यंबकाची नोकरी गेलेली. म्हणून त्याने तिसरी काढली. पुस्तक थोर, आपण हुशार, महाराज अडाणी.

पुरावेही हवे तेवढे सापडू लागले. शोधणाऱ्याला ते सापडतातच. महाराज कधी एक ओळ पाठ म्हणत नाहीत. वाचन चालू असताना डोळे मिटून घेतात, आणि मिटलेले डोळे झोपेत आहेत की ध्यानात, हे कोणत्या शास्त्रानं ठरवायचं? शिवाय त्या वाती. तबकात एका ओळीत सरळ ठेवायच्या, तर मधूनच एखादी आडवी पडलेली असायची. कधी एक, कधी चार. वाचन झालं की त्र्यंबक त्या आडव्या वाती नीट सरळ करून ठेवायचा. म्हातारा माणूस, दिसत नाही बिचाऱ्याला, असं त्याला वाटायचं. आणि हा मला पोथी शिकवणार, असंही वाटायचं.

महाराज बोलत नसल्यामुळे संध्याकाळी ओट्यावर येणारी माणसं त्र्यंबकालाच विचारू लागली. मास्तर, आज काय वाचलं? मास्तर खुलायचे.

“वाटेनं जाणारा माणूस वळणाआड गेला,” त्याने एका संध्याकाळी सांगितलं होतं. “आता तो दिसत नाही. मग तो आहे, असं म्हणायला आधार काय? काहीच नाही. आहे असं आपल्याला वाटतं, ती निव्वळ सवय. दिसत नाही ते नाही. ग्रंथ असं सांगतो.”

माणसं गप्प झाली. कळलं नाही, पण भारी वाटलं. अशा वेळी माणसं गप्पच होतात.

सारजाबाई तेवढी उंबऱ्यात उभी होती. मठाचा स्वयंपाक ती करायची. तिचा ज्ञानू घरातून भांडून गेला होता, त्याला काही वर्षं झाली होती. ना चिठ्ठी ना निरोप. रोज संध्याकाळी काम उरकलं की ती महाराजांच्या तबकातली एक वात उचलायची आणि घरी नेऊन रस्त्याकडच्या कोनाड्यात लावायची. पोरगा अंधारात आला तर घर चुकू नये म्हणून.

“मास्तर,” ती म्हणाली, “म्हणजे माझा ज्ञानू... न्हाई म्हणायचा का?”

त्र्यंबकाला दुःख द्यायचं नव्हतं. पण समोर माणसं बसली होती आणि मुद्दा रंगात आला होता.

“ग्रंथाच्या दृष्टीनं, नाही.”

“हं...” आतून महाराजांचा आवाज आला.

त्या दिवशी सारजाबाईनं वात उचलली नाही. पुढेही नाही. त्र्यंबकाच्या हे लक्षातही आलं नाही.

तर तो सकाळचा प्रश्न. तुम्हाला तरी कळली आहे का? आणि त्याला मिळालेलं ते ‘हं’.

दुसऱ्या दिवशी मठाच्या मूळपुरुषांची पुण्यतिथी होती. पाच गावची माणसं जमणार. त्र्यंबकाने ठरवून टाकलं. भर सभेत उठायचं आणि सांगायचं, बाबांनो, तुम्ही ज्याच्या पाया पडता त्याला या पोथीतलं ओ की ठो कळत नाही. मग निघून जायचं. नोकरी गेली ती गेली, निदान रिकाम्या हाताने नको. वळकटी त्याने बांधून खोलीच्या दारात ठेवली.

पण मास्तर माणूस. पुराव्याशिवाय कसं बोलणार?

दुपारी जेवणं झाली. महाराज भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्र्यंबकाने लाल फडकं सोडलं.

पोथीतली दोन पानं अदलाबदल करायची, एवढाच बेत होता. महाराजांना पोथी येत असेल तर वाचताना खाड्कन थांबवतील. नाही थांबवलं तर झालंच.

काम सोपं वाटलं होतं, पण तसं ते नव्हतं. कुठलीही दोन पानं उचलून चालणार नव्हतं. भलतंच पान घुसवलं तर सारजाबाईलासुद्धा कळलं असतं. पानं अशी हवी होती की वरवर ऐकणाऱ्याला सांधा दिसू नये, आणि ज्याला खरंच कळतं त्याला मात्र ठेच लागावी.

त्यासाठी त्र्यंबक दुपारी वाचायची पानं पुन्हापुन्हा वाचू लागला. हे पान कुठे निघालंय? त्या पानाला काय सिद्ध करायचंय? हे वाक्य कुणाला उद्देशून आहे? अवघड शब्द आले, ते तो ओलांडून गेला. आत्ता शब्दाला वेळ कुठे होता!

महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने एक पान चार वेळा वाचलं. कारण लबाडी होती, हे सोडून देऊ.

“कामून हो मास्तर,” सारजाबाई भांडी घेऊन जाता जाता थबकली, “आज इतक्या लवकर पोथी सोडली?”

“धूळ झटकतोय.”

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि गेली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे दोघांनाही कळलं.

शेवटी जोडी सापडली. दोन पानं इकडची तिकडे झाली. फडकं पुन्हा बांधलं.

ऊन कलल्यावर महाराज उठून बसले. गुडघ्याशी तबक ओढलं, कापूस घेतला.

“वाच.”

त्र्यंबक वाचू लागला. नजर पोथीवर कमी, महाराजांच्या चेहऱ्यावर जास्त.

“ज्याची आठवण नाही, ते घडलंच नाही.”

“कोण बोलतंय?”

“ग्रंथकार.”

“हं...”

आता हलवलेलं पान. त्र्यंबकाचा आवाज जरा चिरकला.

“सगळं गाव म्हणालं, म्हणून खारी विहीर गोड होत नाही.”

महाराजांचे हात थांबले नाहीत. भुवई हलली नाही.

“कोण बोलतंय?”

“...ग्रंथकार.”

“हं...”

पुढचं पान. सगळे म्हणतात म्हणून ते खरं. आणि त्याच्यामागून, दुसरं हलवलेलं पान. तुझ्या जन्माची तुला आठवण नाही, मग तू कुणाच्या पोटी आलास?

“हं...”

त्र्यंबकाने पान खाली ठेवलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही, पण त्याच्या तळाशी काहीतरी खचलं. तिथं काही नसलं तर, असं बायकोनं विचारलं होतं. तिथं काही नव्हतं.

“महाराज.”

“बोल.”

“मी आज दोन पानं बदलली.”

वात वळली गेली.

“तुम्हाला कळलं नाही.” त्र्यंबकाचा आवाज चढला. “अख्खी दोन पानं! उत्तरं इकडची तिकडे केली आणि तुम्ही नुसतं हं म्हणालात. महिनाभर मी तुमच्यासमोर घसा फोडला. नोकरी सोडून आलो. उद्या लोकांना हे सांगणार आहे मी. सगळ्यांसमोर.”

“वळकटी दारात ठेवलीस,” महाराज म्हणाले. “सकाळी पायात आली.”

“हो. जाणार आहे.”

“जा... पण कशी केलीस?”

“काय?”

“लबाडी. कुठली पानं घेतलीस? तीच कशाला?”

त्र्यंबकाला वाटलं, वेळ काढतोय म्हातारा. पण आपण काय शिताफी केली हे सांगायचा मोह कुणाला सुटलाय? त्याने पानं जमिनीवर मांडली.

“हे बघा... म्हणजे ऐका. हा म्हणतो, आठवण नाही ते घडलंच नाही. त्याला उत्तर आहे, तुझ्या जन्माची तुला आठवण नाही, मग तू आलास कुठून? बरोबर? मग हा दुसरा मुद्दा काढतो, सगळे म्हणतात ते खरं. त्याला उत्तर, गाव म्हणालं म्हणून विहीर गोड होत नाही. मी उत्तरं फिरवली. वरवर ऐकलं तर खपून जातं. पण ज्याला ठाऊक आहे की इथं शंका काढणारा बोलतो आणि इथं त्याला उत्तर...”

तो थांबला.

“कोण बोलतो?” महाराजांनी विचारलं.

“शंका काढणारा.”

“हं...”

ते ‘हं’ रोजचंच होतं. पण आज ते कानात जाऊन बसलं.

शंका काढणारा. पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकं चांगलं मांडायचं, आणि मग उत्तर द्यायचं. त्र्यंबकाने हे शाळेत वादविवादाच्या वेळी पोरांना शिकवलं होतं. आणि महिनाभर पानामागून पान तो सांगत आला होता, ग्रंथकार, ग्रंथकार, ग्रंथकार.

“महाराज... वळणाआडच्या माणसाचं पान...”

महाराजांनी पुढच्या वातीसाठी कापूस घेतला.

त्र्यंबकाने घाईघाईने आधीची पानं उपसली. सापडलं. वाटेनं जाणारा वळणाआड गेला. तो आहे, असं म्हणायला आधार काय? निव्वळ सवय. दिसत नाही ते नाही.

कोण बोलतंय?

त्याचे कान तापले. हे ग्रंथाचं म्हणणं नव्हतं. ग्रंथ ज्याला खोडून काढायला बसला होता, त्याचं होतं. आणि ते त्याने ओट्यावर बसून, तोंड वर करून, ग्रंथ असं सांगतो म्हणून सांगितलं होतं. सारजाबाईला सांगितलं होतं.

मग उत्तर कुठे आहे? पुढचंच पान असणार. त्याने ते उचललं.

“मग वहाण नेमकी तिथेच कशी सापडते, जिथे काढून ठेवली होती?”

त्र्यंबकाला हे पान चांगलं आठवत होतं. वाटसरू आणि वहाण, किती सुंदर जोडलंय, असं तो त्या दिवशी म्हणाला होता. आज त्याने ते पुन्हा वाचलं, आणि पुन्हा. वळणाआड गेलेल्या माणसाचा याच्यात काय संबंध? वाटेनं चालणाऱ्याने वहाण काढलीच कशाला?

“हे... हे उत्तर नाही होत.”

“नाही?”

“नाही. वहाण माणूस झोपताना काढतो.”

तो पानं चाळू लागला. पुढे कुठेतरी झोपेचं पान होतं. होतं. झोपेत ‘मी’ नसतो, सकाळी उठतो तो नवाच कुणीतरी. ही शंका. मग वहाणेचं उत्तर इथलं! उठणारा नवा असेल, तर काल रात्री वहाण कुठे काढली हे त्याला कुणी सांगितलं?

आणि झोपेच्या पानामागे आत्ता जे पान होतं, ते त्याने उचललं.

“आणि परत येतो तेव्हा तो दमलेला असतो. जी वाट कुणी पाहिली नाही, ती कोण चालला?”

हे पान वाचून तो त्या वेळी म्हणाला होता, झोपेतून उठल्यावरही माणूस दमलेला असतो, वा! दमणूक आणि झोप, वहाण आणि वाट. जोड्या किती छान जुळल्या होत्या. आणि दोन्ही खोट्या.

त्र्यंबकाने दमलेल्या माणसाचं पान उचलून वळणाआडच्या माणसामागे ठेवलं आणि वहाणेचं पान झोपेमागे. मग हात मांडीवर घेऊन नुसता बघत बसला.

बाहेर कुणीतरी उद्यासाठी अंगण सारवत होतं. शेणाचा वास आत आला.

“महाराज,” तो हळूच म्हणाला, “ही दोन पानं मी हलवली नव्हती.”

“नाही.”

“मग ही...?”

महाराजांनी हातातली वात पुरी केली.

“तू आलास, त्या दुपारी मी हलवली, बोटांनी मोजून. तू अंघोळीला गेला होतास.”

त्र्यंबकाने रागवावं तर कोणत्या तोंडाने? आत्ताच तर तो स्वतः तेच करून बसला होता, त्याच फडक्याखाली, त्याच वेळी. महाराजांच्या ‘हं’चा त्याला संशय आला होता, आणि महाराज पहिल्या दिवसापासून त्याच्या ‘समजलं’वर संशय घेऊन बसले होते.

“आणि आजची? आज तुम्हाला कळलं होतं?”

महाराजांनी तबक त्याच्याकडे सरकवलं.

वातींची ओळ सरळ होती. मध्ये काही आडव्या होत्या. त्यातल्या दोन आडव्यांवर पुन्हा एकेक वात आडवी ठेवलेली होती. चुकलेल्या उत्तराची एक आडवी, हलवलेल्या पानाची तिच्यावर दुसरी.

त्र्यंबकाचा हात सवयीने त्या सरळ करायला पुढे गेला आणि तिथेच राहिला. महिनाभर त्याने स्वतःच्या हाताने या वाती सरळ केल्या होत्या. रोजच्या रोज. मनातल्या मनात महाराजांची कीव करत.

त्याला रडू आलं, हे मी लपवत नाही. मोठा माणूस, मास्तर, पाच गावच्या सभेत बोलायला निघालेला, तो पानांवर थेंब पडू नये म्हणून तोंड बाजूला करून रडला. महाराजांनी त्याला समजावलं नाही. ते कापूस निवडत राहिले.

मग त्र्यंबक उठला.

“सारजाबाई!”

ती हात पुसत आली. तो तिच्यासमोर उभा राहिला. उभं राहून सांगायला फार जड गेलं.

“मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. वळणाआडच्या माणसाचं. ते पोथीचं म्हणणं नव्हतं.”

“मग कुणाचं?”

“पोथीशी भांडणाऱ्याचं.”

सारजाबाई त्याच्याकडे संशयानं बघत राहिली. तिचा काही दोष नव्हता.

“तवा न्हाई म्हणालात. आज हाय म्हणताव. उद्या काय म्हणाल?”

त्र्यंबकाच्या तोंडावर ‘आहे’ आलं होतं. एक शब्द, आणि बाई हसली असती. त्याने तो गिळला.

“आहे असंही पोथी म्हणत नाही, सारजाबाई. पोथी एवढंच म्हणते की दिसत नाही म्हणून नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि म्हणते की वळणाआड गेलेला परत येतो, तेव्हा तो दमलेला असतो. म्हणजे आपल्याला दिसत नव्हता, तेव्हाही तो चालतच होता.”

“दमलेला...” ती पुटपुटली. “दमणारच की. लांबून यायचं.”

मग खाली वाकून तिने तबकातली एक वात उचलली. सगळ्यात वरची, आडवी. ती मुठीत धरून ती चुलीकडे गेली.

महाराजांनी तबकावरून बोटं फिरवली. एक वात कमी झाली होती, ते त्यांना कळलं असावं. चेहऱ्यावरून काही सांगता येत नव्हतं.

त्र्यंबकाने स्वतः बदललेली दोन पानं जागेवर लावली. मग पहिल्या पानापासून एकेका पानाच्या सुरुवातीच्या ओळी तो हलक्या आवाजात वाचत गेला. प्रत्येक पानाशी थांबून स्वतःच विचारायचा, कोण बोलतंय? दोनतीन ठिकाणी ‘ग्रंथकार’ म्हणाला आणि जीभ चावून परत मागे गेला. एका ठिकाणी कोण बोलतंय हे काही केल्या ठरेना. तिथे तो पहिल्यांदाच म्हणाला, “हे मला कळत नाही, महाराज.”

महाराजांनी वात ठेवली. सरळ.

दिवेलागण झाली. त्र्यंबकाने पानं एकसारखी केली, फळ्या लावल्या, फडकं घातलं. वळकटी दारातून उचलून आत कोपऱ्यात नेऊन टाकली. दोरी मात्र सोडली नाही. मास्तर तो, आतला किडा काही एका दुपारीत मरत नाही.

“उद्या वाचू ना मी? सगळ्यांसमोर?”

“वाच.”

“काय सांगू लोकांना?”

“कळलं तेवढं.”

त्र्यंबक फडक्याची गाठ मारता मारता थांबला. त्याने महाराजांकडे बारीक नजरेनं पाहिलं. सकाळी पाहिलं होतं तसंच, पण आता तिच्यात माज नव्हता, नुसती भीती होती.

“महाराज... एक विचारू? आता तरी पोथी नीट लागली ना? आता सगळी पानं आपापल्या जागी आहेत ना?”

महाराजांनी तबक बाजूला ठेवलं. हात पुढे करून पोथी घेतली आणि मांडीवर ठेवून तिच्यावरून तळहात फिरवला...

“माझ्या गुरूंनी मी आलो त्या दिवशी जी पानं हलवली होती,” ते म्हणाले, “ती सगळी मला अजून सापडलेली नाहीत.”